राजीनामा लिहिण्यापूर्वी

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. व्यवहारात मात्र हा क्रम केव्हाच उलटला. नोकरभरतीची जाहिरात निघाली की एकेका जागेसाठी शेकडो उमेदवार परीक्षेस बसतात आणि गावातील एखादा मुलगा नोकरीस लागला की घरोघर पेढे वाटले जातात. परंतु पेढे वाटून पंधरा-वीस वर्षे लोटल्यानंतर त्याच मुलाच्या मनात काय चालले आहे, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

कचेरीत नियमित येणारा, नस्ती वेळेवर पुढे पाठविणारा, वरिष्ठांची कधी तक्रार नसलेला कर्मचारी मनातून कामास पूर्णपणे विटलेला असू शकतो. वर्गात तास घेणाऱ्या शिक्षकाची आणि दप्तर सांभाळणाऱ्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याचीही हीच स्थिती असू शकते. 'हे सोडून द्यावे आणि मनासारखे काही करावे' हा विचार अशा वेळी येतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण तो विचार अमलात आणण्याच्या पद्धतीवर साऱ्या घराचे पुढील आयुष्य अवलंबून असते. म्हणून या प्रश्नाचा रीतसर अभ्यास करणे उपयुक्त ठरेल.

एक स्वानुभव

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असून ऑगस्ट २००४ मध्ये शासकीय सेवेत आला. बातम्या, प्रसिद्धिपत्रके आणि भाषणांचे मसुदे तयार करणे हे त्याचे काम. आरंभीची दहा वर्षे उत्साहात गेली. नंतर हळूहळू असे जाणवू लागले की, मजकूर तोच आहे, केवळ तारखा आणि गावांची नावे बदलत आहेत. हातून निघालेल्या हजारो पत्रकांपैकी एकावरही स्वतःचे नाव नाही. ते नसणे योग्यच आहे, हे कळत होते. पण कळत असूनही मन रुसत होते. सकाळी कचेरीची पायरी चढताना पाय जड होऊ लागले. घरी चिडचीड वाढली. गावी जाऊन मुलांना शिकवावे, आपल्या परिसराचा इतिहास लिहावा, असे वाटू लागले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एका सायंकाळी राजीनाम्याचा मसुदा लिहून झाला. तो रीतसर आहे की नाही हे पाहण्यासाठी आस्थापना शाखेतील एका ज्येष्ठ लिपिकास दाखविला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढून ठेवला आणि विचारले, "साहेब, आपल्याला नोकरी सोडायची आहे की टेबल?" उत्तर देता आले नाही. त्यांनी सेवापुस्तक काढले, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "एकोणीस वर्षे दोन महिने. आज हा कागद दिलात तर एकोणीस वर्षे पाण्यात. दहा महिने थांबलात तर निवृत्तिवेतन घेऊन जाल. कागद तोच, पण नाव वेगळे."

एकोणीस वर्षे शासनाच्या योजनांची माहिती लोकांना देणाऱ्या माणसाला स्वतःच्या सेवेचे नियम ठाऊक नव्हते, ही गोष्ट कबूल करताना संकोच वाटतो. परंतु ही अवस्था अनेकांची असावी, म्हणूनच ती येथे सांगितली आहे.

प्रथम निदान

ताप आला म्हणजे वैद्य आधी कारण शोधतो, मग औषध देतो. कामाच्या कंटाळ्याचेही तसेच आहे. वरवर एकसारखा दिसणारा कंटाळा मुळात चार निरनिराळ्या प्रकारचा असतो.

पहिला प्रकार थकव्याचा. सतत काम, अपुरी झोप, रिक्त पदांमुळे अंगावर पडलेला दुसऱ्याचा भार, घरातील आजारपण यांमुळे माणूस शिणतो आणि दोष कामाला देतो. यावर उपाय रजेचा.

दुसरा प्रकार जागेचा. तेच टेबल, तोच विषय, तेच शहर, कुटुंबापासूनची दूरता. यावर उपाय बदलीचा किंवा विषयबदलाचा.

तिसरा प्रकार माणसांचा. वरिष्ठांशी न पटणे, सहकाऱ्यांकडून होणारी उपेक्षा, केलेल्या कामाची दखल न घेतली जाणे. हा प्रकार सर्वांत बोचरा असतो, पण बहुधा सर्वांत अल्पायुषीही असतो. कारण माणसे बदलून जातात.

चौथा प्रकार प्रत्यक्ष कामाचा. विश्रांती झाली, जागा बदलली, माणसेही चांगली मिळाली, तरीही हे काम आपले नव्हे असे मन सांगत राहते. खऱ्या अर्थाने व्यवसाय बदलण्याचा प्रश्न केवळ या चौथ्या प्रकारात उद्भवतो.

आपला प्रकार कोणता हे ओळखण्याचा एक साधा मार्ग आहे. एक वही घ्यावी आणि सलग तीस दिवस रात्री झोपण्यापूर्वी तीन ओळी लिहाव्यात : आज कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळले नाही, कोणत्या क्षणी सर्वाधिक वीट आला, आणि त्या क्षणी समोर काय होते, म्हणजे काम, माणूस, जागा की केवळ दमलेले शरीर. महिनाअखेर वही वाचली म्हणजे मनाची तक्रार आणि प्रत्यक्ष नोंद यांतील अंतर दिसू लागते. प्रस्तुत लेखकाच्या वहीत वीट येण्याच्या नोंदी बहुतांशी बंद खोलीतील पत्रकलेखनाच्या होत्या. गावोगावी जाऊन लोकांशी बोलण्याच्या दिवशी एकही नोंद नव्हती. लिपिक महाशयांच्या प्रश्नाचे उत्तर त्या वहीत मिळाले.

पूर्वसुरींचे चार मार्ग

हा प्रश्न आजचा नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात नोकरी आणि ध्येय यांची सांगड घालणाऱ्यांची किंवा त्यांतून एकाची निवड करणाऱ्यांची उदाहरणे विपुल आहेत. त्यांपैकी चार पाहू.

शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३-१८९८) हे शिक्षण खात्यातील शिक्षक. त्यांनी नोकरी सोडली नाही. अध्यापन करीत असतानाच त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाचा अभ्यास चालविला आणि त्यांचा थोर ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. अवघ्या पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात, शाळेचे तास सांभाळून झालेले हे कार्य आजही अभ्यासकांना आधारभूत वाटते.

महर्षी धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाचे कार्य आरंभिले. पुढे हिंगणे येथे आश्रमाची झोपडी उभी राहिली, तेव्हा महाविद्यालयातील अध्यापन संपवून ते पुण्याहून हिंगण्यास पायी जात. नोकरी त्यांनी १९१४ पर्यंत केली आणि निवृत्तीनंतर, १९१६ मध्ये, महिला विद्यापीठाची स्थापना केली. नोकरी हा त्यांच्या कार्यातील अडथळा ठरला नाही, तर तिच्यामुळे त्या कार्याला स्थैर्य लाभले.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीत डावलले गेल्यावर १८९७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. हा निर्णय मानभंगातून झाला हे खरे. पण तो हवेत घेतलेला नव्हता. बेळगावात भावासह चालविलेले सायकलींचे दुकान १८८८ पासून उभे होते. नोकरी सोडली त्या दिवशी दुसरा पाय टेकण्यास जमीन तयार होती. तरीही वाट सोपी नव्हती. लोखंडी नांगरामुळे जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपण्यास फार काळ लागला. १९१० मध्ये औंधच्या अधिपतींच्या साहाय्याने कुंडल स्थानकाजवळ कारखाना वसला आणि किर्लोस्करवाडी जन्मास आली. नोकरी सोडल्यापासून येथवर येण्यास तेरा वर्षे लागली, हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

चौथे उदाहरण दादासाहेब फाळके (१८७०-१९४४) यांचे. पुरातत्त्व खात्यातील छायाचित्रकाराची सुरक्षित नोकरी त्यांनी सोडली, छपाईचा व्यवसाय केला, भागीदारांशी न पटल्याने तोही सोडला आणि चाळिशीत चित्रपटाचा ध्यास घेतला. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसा उभा केला व १९१२ मध्ये ते विलायतेस जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी रोपट्याच्या वाढीचे छोटे चित्रण करून ते धनिकांना दाखविले आणि त्यांचा विश्वास संपादन केला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सर्व मंडळींचा स्वयंपाक सांभाळला आणि फिल्मचे कामही शिकून घेतले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. फाळके यांचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले. कीर्ती आणि स्वास्थ्य एकाच वाटेने येतील, असे नाही.

या चौघांकडून मिळणारा बोध स्पष्ट आहे. दीक्षितांनी नोकरीत राहून साधना केली. कर्व्यांनी नोकरी आणि कार्य समांतर चालविले. किर्लोस्करांनी दुसरा आधार उभा करून पहिला सोडला. फाळक्यांनी सर्वस्व पणास लावले, पण तेही लहान प्रयोग करून आणि घरच्यांना सोबत घेऊन. केवळ वैतागाच्या भरात, पुढचे काहीही न ठरविता उठून जाणे, असा पाचवा मार्ग यांपैकी कोणीही स्वीकारला नाही.

नियम काय सांगतात

आता नियमांकडे वळू. येथे दिलेली माहिती मुख्यतः राज्य शासकीय कर्मचाऱ्यांविषयी आहे. जिल्हा परिषदा आणि खाजगी शाळा यांच्यासाठी स्वतंत्र नियम असल्याने संबंधितांनी आपापल्या आस्थापनेकडून खातरजमा करून घ्यावी.

(१) रजा : वर्षास ३० दिवस अर्जित रजा खात्यावर जमा होते आणि तिचा संचय ३०० दिवसांपर्यंत करता येतो. दीर्घ सुट्टी उपभोगणाऱ्या शिक्षकांना या बाबतीत वेगळा हिशेब लागू आहे. याशिवाय वर्षास २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते. आश्चर्य असे की, कामास विटलेल्या कर्मचाऱ्यांच्या खात्यावरच पुष्कळदा शेकडो दिवसांची रजा पडून असते. रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, हे खरे. परंतु वेळेत अर्ज करून, काम कोणाकडे सोपवावयाचे याची व्यवस्था सुचविल्यास ती नाकारली जाण्याचा संभव कमी होतो.

(२) असाधारण रजा : अन्य रजा शिल्लक नसेल, किंवा शिल्लक असूनही कर्मचाऱ्याने लेखी मागणी केली असेल, तर बिनवेतन असाधारण रजा मंजूर करता येते. तिचा परिणाम वेतनवाढ व अर्हताकारी सेवा यांवर होऊ शकतो. म्हणून अर्ज करण्यापूर्वी तो परिणाम लेखी समजून घ्यावा. मंजुरीपूर्वी गैरहजर राहणे ही मात्र रजा नव्हे. ते शिस्तभंगाच्या कारवाईस निमंत्रण होय.

(३) अध्ययन रजा : शासकीय कामाशी निकटचा संबंध असलेल्या उच्च अभ्यासासाठी ही रजा मिळू शकते. परत आल्यानंतर ठराविक काळ सेवा करण्याचे बंधपत्र त्यासाठी द्यावे लागते.

(४) बदली व प्रतिनियुक्ती : २००५ च्या बदल्यांविषयीच्या अधिनियमानुसार एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे. दुसऱ्या विभागात, महामंडळात किंवा प्रशिक्षण संस्थेत प्रतिनियुक्तीवर गेल्यास मूळ पदाशी असलेले नाते न तोडता वेगळ्या कामाचा अनुभव घेता येतो.

(५) राजीनामा : निवृत्तिवेतन नियम, १९८२ अन्वये राजीनाम्यामुळे पूर्वीची सेवा गमावली जाते. निवृत्तिवेतन आणि उपदान या दोहोंस त्यामुळे मुकावे लागते. भविष्य निर्वाह निधीतील स्वतःची जमा तेवढी परत मिळते. अपवाद असा की, योग्य त्या परवानगीने शासनाच्याच दुसऱ्या, सेवा जोडून मिळणाऱ्या पदावर जाण्यासाठी दिलेल्या राजीनाम्याने पूर्वसेवा जात नाही. म्हणूनच दुसऱ्या शासकीय पदासाठी अर्ज करताना तो आपल्या कार्यालयामार्फतच करावा. एकदा अमलात आलेला राजीनामा परत घेण्याची मुभा अत्यंत मर्यादित असून ती नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते.

(६) स्वेच्छा सेवानिवृत्ती : वीस वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण झाल्यावर तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन सेवानिवृत्त होता येते. अशा व्यक्तीस तिच्या सेवेच्या प्रमाणात निवृत्तिवेतन मिळते. राजीनामा आणि स्वेच्छा सेवानिवृत्ती यांतील हा भेद प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावा.

(७) १ नोव्हेंबर २००५ रोजी व त्यानंतर सेवेत आलेले कर्मचारी : यांच्यासाठी अंशदानावर आधारित योजना सुरू करण्यात आली. या योजनेतील जमा रक्कम कर्मचाऱ्याच्या नावे असते. परंतु मुदतीपूर्वी बाहेर पडल्यास तिचा मोठा भाग दरमहा उत्पन्न देणारी वार्षिकी घेण्यासाठीच वापरावा लागतो. या विषयात वेळोवेळी पर्याय उपलब्ध होत आलेले असल्याने, आपण आज कोणत्या योजनेत आहोत हे आस्थापना शाखेकडून लेखी घ्यावे.

(८) खाजगी शाळांतील शिक्षक : १९७७ च्या अधिनियमानुसार राजीनामा दोन प्रतींत लिहून दोन्हींवर सही व तारीख घालावी लागते. एक प्रत व्यवस्थापनाकडे पाठवून दुसरी स्वतःजवळ ठेवावयाची असते. कायम कर्मचाऱ्यास तीन महिन्यांची नोटीस आवश्यक आहे. रागाच्या भरात कोणी कोऱ्या कागदावर सही मागितली तर ती देऊ नये.

(९) सेवेत असताना अन्य कार्य : वर्तणूक नियम, १९७९ अन्वये शासनाच्या पूर्वमंजुरीखेरीज व्यापारधंदा किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. तथापि, मूळ कर्तव्यास बाधा येत नसेल तर सामाजिक वा धर्मादाय स्वरूपाचे मानद कार्य तसेच प्रासंगिक वाङ्मयीन, कलाविषयक किंवा शास्त्रीय कार्य करण्यास मुभा आहे. दीक्षित आणि कर्वे यांचा मार्ग आजही मोकळा आहे, असाच याचा अर्थ. मात्र निवडणुकीच्या राजकारणात भाग घेता येत नाही. सरपंच होण्याची इच्छा असणाऱ्याने प्रथम नोकरीचा विचार केला पाहिजे.

घरचा हिशेब

नियमांनंतर हिशेब. तीन आकडे कागदावर मांडावेत : महिन्याचा अटळ खर्च, कर्जाचे मासिक हप्ते आणि हाती असलेली बचत. उदाहरणादाखल, घरखर्च ३५,००० रुपये आणि हप्ता १२,००० रुपये असेल तर महिन्यास ४७,००० रुपये लागतात. बचत ५,६४,००० रुपये असेल तर ती बरोबर बारा महिने पुरेल. घरात दुसऱ्या व्यक्तीचे २०,००० रुपयांचे उत्पन्न असेल तर तूट २७,००० रुपयांची राहते आणि तीच बचत जवळजवळ एकवीस महिने टिकते. या हिशेबात आजारपण, मुलांच्या शिक्षणाचे वाढते शुल्क आणि घरातील एखादे कार्य यांची तरतूद वेगळी धरावी. नवा व्यवसाय पहिल्या वर्षी काहीही देणार नाही, असे समजूनच आकडे मांडावेत.

हा हिशेब एकट्याने करू नये. पुष्कळ कर्मचारी निर्णय झाल्यानंतर घरी सांगतात. ही मोठी चूक होय. प्रस्तुत लेखकाने वही आणि आकडे पत्नीसमोर ठेवले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अहो, नोकरी सोडायचा विचार आज सांगितलात. पण तुम्ही गेली तीन वर्षे जेवताना बोलत नाही, ते मला कधीच दिसत होतं." गावी वृद्ध वडिलांना सांगितले. ते स्वतः प्राथमिक शिक्षक होते. "अरे, मलाही बाराव्या वर्षी असंच वाटलं होतं," ते म्हणाले, "पण तेव्हा तू तीन वर्षांचा होतास." या वाक्यात उपदेश नव्हता की दोषारोपही नव्हता. एका माणसाने एक निर्णय न घेतल्यामुळे दुसऱ्याचे शिक्षण पार पडले होते, एवढीच ती नोंद होती.

विराम घेऊन पाहणे

नोव्हेंबर-डिसेंबर २०२३ मध्ये चाळीस दिवसांची अर्जित रजा घेतली. पहिले दहा दिवस झोपेत गेले. तेव्हा कंटाळ्यातील थकव्याचा वाटा किती मोठा होता ते कळले. नंतर गावच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या संमतीने, मोबदला न घेता, सातवीच्या मुलांना आपल्या गावाची माहिती लिहिण्यास शिकविले. मुलांनी विहिरींची नावे, जुन्या वाटा आणि आजीकडून ऐकलेल्या दुष्काळाच्या हकीकती लिहून आणल्या. फार आनंद झाला. पण तिसऱ्या आठवड्यात वह्यांचा गठ्ठा तपासताना तोच ओळखीचा वीट पुन्हा आला! कोणत्याही कामात कंटाळवाणा भाग असतोच. नव्या कामातील तो भाग दुरून दिसत नाही, इतकेच.

म्हणून नव्या व्यवसायाचे स्वप्न पाहणाऱ्याने रजा घेऊन ते काम काही आठवडे, त्यातील नीरस भागासह, प्रत्यक्ष करून पाहावे. शेती करावयाची असेल तर केवळ पेरणीला नव्हे, तर खुरपणीला आणि बाजारात माल विकण्यालाही उभे राहावे. दुकान काढावयाचे असेल तर एखाद्या ओळखीच्या दुकानदाराकडे उधारीची वही कशी वसूल होते ते बसून पाहावे. मात्र असे शिकत असताना वर्तणूक नियमांची मर्यादा ओलांडू नये.

रजेवरून परतल्यावर वरिष्ठांकडे लेखी विनंती केली की, पत्रकलेखनाऐवजी क्षेत्रीय वृत्तांताचे काम मिळावे. तीन महिन्यांनी ते मिळाले. सर्व काही सुरळीत झाले असे म्हणता येणार नाही. आजही काही दिवस जड जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये वीस वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी ज्येष्ठ लिपिक मुद्दाम येऊन म्हणाले, "साहेब, आता कागद द्यायला हरकत नाही." कागद दिला नाही. तो अद्याप खणात आहे. कदाचित मुलीचे शिक्षण पूर्ण झाल्यावर तो वेगळ्या नावाने बाहेर येईल, कदाचित येणार नाही. पण जाता येत नाही म्हणून बसणे आणि जाता येत असूनही बसणे यांत फार अंतर आहे, हे आता रोज जाणवते.

ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांच्यासाठी

हा प्रश्न केवळ त्या एका कर्मचाऱ्याचा नाही. विटलेला कर्मचारी खुर्चीवर बसून राहतो तेव्हा त्याची किंमत दाखल्यासाठी हेलपाटे घालणारी म्हातारी देते, वर्गातील मुले देतात आणि ग्रामपंचायतीत रखडलेली कामे देतात. म्हणून कार्यालयप्रमुखांनी काही साध्या गोष्टी कराव्यात. टेबलांची अदलाबदल ठरावीक काळाने करावी. रजेचा अर्ज संशयाने पाहू नये. चांगली टिपणी लिहिणाऱ्यास तसे चारचौघांत सांगावे. ज्याच्या वागण्यात अचानक बदल झाला आहे त्यास कारणे दाखवा नोटीस देण्यापूर्वी एकदा बोलावून घ्यावे. झोप उडणे, जेवण तुटणे, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे दिसत असतील तर तो कंटाळा नव्हे, आजार आहे. तेथे विलंब न लावता वैद्यकीय सल्ला घेण्यास साहाय्य करावे.

पंचायत सदस्यांचाही यात वाटा आहे. गावातील शिक्षकास ग्रंथालयासाठी एक खोली, ग्रामपंचायत अधिकाऱ्यास ग्रामसभेत चार आपुलकीचे शब्द, आरोग्य सेविकेच्या कामाची जाहीर दखल, एवढ्यानेही एखाद्याचा पाय गावात टिकतो. त्याचप्रमाणे नोकरी सोडून गावी परतलेल्या माणसाकडे 'काहीतरी भानगड झाली असेल' अशा नजरेने पाहण्याची सवय आपण सोडली पाहिजे. विचारपूर्वक, हिशेब मांडून, घरच्यांच्या संमतीने परतलेला माणूस गावाची संपत्ती ठरू शकतो.

उपसंहार

थोडक्यात क्रम असा : तीस दिवसांची नोंद, कारणाचे निदान, सेवापुस्तकाची तपासणी, घरचा हिशेब, कुटुंबाशी मोकळे बोलणे, रजा घेऊन प्रत्यक्ष अनुभव, कामात किंवा जागेत बदलाची विनंती आणि एवढे करूनही मन ठाम असेल तर योग्य नावाचा कागद योग्य दिवशी देणे. या क्रमाने जाणारा माणूस नोकरीत राहो वा न राहो, त्याच्यावर पश्चात्तापाची पाळी येण्याचा संभव कमी.

राजीनाम्याचा मसुदा लिहिण्यास दहा मिनिटे पुरतात. त्यापूर्वी सेवापुस्तक वाचण्यास एक दुपार द्यावी, एवढीच वाचकांना विनंती आहे.